जुना चार्जर, नवी गाडी आणि अंगणातला खड्डा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. २०२१ साली घेतलेला ७.४ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर: पाचपैकी चार तारे. तो बनवणाऱ्या कंपनीची सेवा: एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून. नवी गाडी विकणारं शोरूम: दोन. आमचा वायरमन: पाच. नावं कुणाचीच लिहीत नाही. चूक अखेर माझ्याच अंगणात निघाली, उगाच कुणाची बदनामी कशाला.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅब चालवते, घर सांगलीत विश्रामबागला. पहिली इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हाच हा चार्जर पोर्चच्या भिंतीवर लावला. चांगला खांद्याइतक्या उंचीवर. २०१९ च्या पुरानंतर सांगलीकर माणूस विजेची कुठलीही वस्तू खाली लावत नाही. चार वर्षं तो उन्हापावसात लटकून होता, एक दिवस तक्रार नाही. रात्री केबलच्या टोकाची गन गाडीला लावायची, सकाळी काढायची. त्याचं अस्तित्वच विसरले होते म्हणा ना.

गेल्या वर्षी पाडव्याला नवी गाडी आणली आणि जुनी धाकट्या दिरांना दिली. त्याच रात्री हौसेने गन लावली. चार्जरच्या आत ‘टक्’ झालं, दिवा निळा झाला, मी आत वळले, तेवढ्यात मागून पुन्हा ‘टक्’. दिवा परत हिरवा. गाडीच्या पडद्यावर संदेश: चार्जिंग थांबले, चार्जर तपासा. दहा वेळा काढून लावली. दहाही वेळा तेच, टक् आणि टक्, मध्ये दोन-तीन सेकंद.

शोरूमला फोन केला. ‘मॅडम, तुमचा चार्जर जुना आहे, नव्या गाडीला मॅच होणार नाही.’ चार्जरच्या कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर कळलं की ते मॉडेल बंद झालंय, त्याचं अ‍ॅपही बंद झालंय, आणि नवा चार्जर अडतीस हजारांना मिळेल, बसवायचे वेगळे. आमच्यासाठी खास सवलत म्हणे. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, पैसे मी खर्च करायचे.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरातल्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी तोच करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे जरा अक्कल असलेला स्विच. गन लावली की एका बारीक तारेवरून तो गाडीला १२ व्होल्टचा इशारा देतो. गाडी तो ९ वर खेचते, म्हणजे ‘मी आले’. मग ६ वर खेचते, म्हणजे ‘सोड वीज’. किती अँपिअर घ्यायची परवानगी आहे हेही त्याच तारेवरच्या ठोक्यांच्या लांबीवरून कळतं. ही भाषा आयईसी ६१८५१ या मानकात बांधलेली आहे आणि टाइप २ गनच्या जुन्या चार्जरला ती येते तशीच नव्या गाडीलाही येते. त्यामुळे ‘जुना आहे, मॅच होणार नाही’ हे वाक्य कुणी तोंडावर फेकलं की लगेच पाकीट काढू नका. माझ्या बाबतीत पहिला ‘टक्’ होत होता याचाच अर्थ दोघांचं बोलणं व्यवस्थित झालं होतं. वीज आल्यावर गाडीला काहीतरी खटकत होतं.

लॅबमध्ये रिपोर्ट विचित्र आला तर आम्ही काय करतो? नमुना तोच ठेवून मशीन बदलतो, मग मशीन तेच ठेवून नमुना बदलतो. तेच केलं. दिरांना जुनी गाडी घेऊन बोलावलं. ती आमच्या चार्जरवर पहिल्या फटक्यात चार्ज व्हायला लागली. ‘वहिनी, गाडीच परत करा,’ हा त्यांचा सल्ला. मग नव्या गाडीबरोबर आलेली १५ अँपिअरची साधी केबल घरातल्या गिझरच्या सॉकेटला लावली. केबलच्या डब्यावर लाल दिवा. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तीच केबल मिरजेला लॅबमध्ये लावली. मुकाट्याने चार्ज झाली.

तिथे माझी ट्यूब पेटली. लॅबमध्ये नवा अ‍ॅनालायझर बसवायला इंजिनिअर येतो तेव्हा चहाच्याही आधी तो न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) आणि अर्थ (जमिनीत गाडलेली सुरक्षेची तार) यांच्यातलं व्होल्टेज मोजतो. दोन-तीन व्होल्टच्या वर असलं तर मशीन खोक्यातून बाहेर काढत नाही. त्याच्यासाठी लॅबला अर्थिंगचे वेगळे दोन खड्डे मारलेले आहेत. घरच्या अर्थिंगचा विचार मात्र मी आयुष्यात केला नव्हता.

लॅबचा मल्टीमीटर घरी आणला. फेज-न्यूट्रल २३४, ठीक. न्यूट्रल-अर्थ ३४ व्होल्ट! जुनी गाडी याकडे काणाडोळा करत होती. नवी गाडी वीज आल्या आल्या अर्थ तपासते आणि पटला नाही तर संपर्क तोडते. म्हणजे चार वर्षं मी बिनअर्थाच्या गाडीला पावसात हात लावत होते. तक्रार करणारी ही नवी गाडीच एकटी शहाणी.

जवळचा एक वायरमन आला, त्याने मीटर पाहिलं आणि म्हणाला, ‘काय न्हाई ताई, सॉकेटच्या आत न्यूट्रलवरनं एक तार अर्थला मारून देतो. पाच मिनिटांचं काम. गाडीला काय कळतंय.’ गाडीला खरंच कळत नाही. व्होल्टेज शून्य दिसतं आणि चार्जिंग सुरू होतं. पण उद्या खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटली, तर त्याच तारेवरून गाडीच्या पत्र्यावर करंट येणार. हा उपाय बऱ्याच ठिकाणी सर्रास केलेला असतो, म्हणून मुद्दाम लिहिते: तुमच्या घरी कुणी असं सुचवलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग लॅबचं काम करणाऱ्या वायरमनला बोलावलं. पाच तारे त्यालाच. आल्यावर त्याने चार्जरकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट विचारलं, ‘खड्डा कुठंय?’ खड्डा २००३ साली घर बांधलं तेव्हाचा, कोळसा-मीठ घातलेला, आता वर जास्वंद. सासूबाई होत्या तोवर उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी घालायच्या. त्या गेल्यावर ते पाणी बंद झालं. आमची काळी माती, एप्रिलात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याने दोन बादल्या ओतायला लावल्या. आकडा ३४ वरून १२ वर आला. त्या रात्री गाडी चार्जही झाली. नवरा म्हणाला, झालं की, घालू पाणी रोज. दुसऱ्या दुपारी पुन्हा टक्-टक्.

खणल्यावर कळलं. मिठाने जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी खाऊन टाकली होती. पाइपाला जिथे बोल्टने जोडलेली होती तिथे बोटाने चुरा होत होता. जास्वंद हलवली, नवा तीन मीटरचा केमिकल अर्थिंगचा रॉड बसवला, भोवती ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाइट माती, तिथून चार्जरपर्यंत तांब्याची तार. खर्च सात हजार. मीटरवर १.३ व्होल्ट. गन लावली, एकच ‘टक्’. पडद्यावर ७.१ किलोवॅट. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

पंचवीस मिनिटांनी चार्जरवर अंधार. फक्त चार्जरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडली होती. पुन्हा चढवली, पुन्हा वीस मिनिटांनी पडली. एमसीबीच्या डब्याला हात लावला तर चटका.

हा दुसरा दोषही चार वर्षं तिथेच बसून होता. जुन्या गाडीच्या पोटातला चार्जर ३.३ किलोवॅटचा, ती फार तर १४ अँपिअर ओढायची. चार्जर ३२ अँपिअरचा असूनही त्याला अर्धासुद्धा कधी राबवला गेला नाही. नवी गाडी पूर्ण ३२ ओढते. मीटरपासून पोर्चपर्यंत २२ मीटर तार, आणि २०२१ साली बसवणाऱ्याने ती ४ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) टाकलेली. वायरमनने पाकिटावर हिशेब करून दाखवला: करंट सव्वादोन पट झाला तर तारेतली उष्णता पाच पट होते. पूर्वी चाळीस वॅट, आता दोनशे. शिवाय ३२ ची एमसीबी ३० अंश तापमान धरून बनवतात. एप्रिलात, पत्र्याच्या बंद डब्यात, तासन् तास ३२ चालवायचे म्हटल्यावर ती पडणारच. न्यूट्रलचा एक स्क्रू सैल होता, त्याच्याजवळचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. आधीचा खड्डा नीट असता आणि एमसीबी पडली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी रात्री केला, दिवसा करत नाही.

नवी तार यायला चार दिवस लागले. तोवर गाडीच्या पडद्यावरून करंट १६ वर आणून ठेवला आणि काम भागलं. ज्यांची तार बारीक आहे त्यांनी हे आजच करावं, फुकट आहे. मग १० स्क्वेअरची तांब्याची तार, ४० ची एमसीबी आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ही टाइप ए हवी. साधी टाइप एसी गाडीकडून गळणाऱ्या डीसीने आंधळी होऊ शकते. सांगलीच्या दोन दुकानांत ‘सगळ्या सारख्याच असतात मॅडम’ ऐकून शेवटी कोल्हापूरहून मागवली. आमच्या चार्जरच्या पाटीवर ६ मिलिअँप डीसी संरक्षण आत असल्याचं लिहिलंय म्हणून टाइप ए पुरली. ते नसतं तर टाइप बी घ्यावी लागली असती आणि तिची किंमत ऐकून मी गिझरच्या सॉकेटवरच राहिले असते. बिलावरचा मंजूर भारही वाढवून घेतला. तो ३ किलोवॅट होता आणि चार्जर एकटाच ७.४ चा. हे २०२१ सालीच करायला हवं होतं.

एकूण तेवीस हजार गेले. अडतीसपेक्षा कमी आहेत, पण मुद्दा तो नाही. अडतीस हजारांचा नवा चार्जर त्याच भिंतीवर, त्याच तारेवर, त्याच खड्ड्यावर लावला असता तर गाडीने त्यालाही टक्-टक् करून दाखवलं असतं, आणि मग दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं.

चार्जरचा एक तारा कापला तो अ‍ॅप बंद पडल्याबद्दल आणि केबलबद्दल. थंडीत ती इतकी ताठ होते की गुंडाळताना दोन हात आणि एक गुडघा लागतो. वेळ आता गाडीतूनच लावते, रात्री अकरा ते पाच, त्यात भागतं. न्यूट्रल-अर्थचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला लॅबच्या सवयीने डब्याच्या झाकणावर पेन्सिलने लिहिते. परवाचा १.६ होता. गनची रबरी टोपी मात्र कुत्र्याने नेली. सुटी मिळेल का म्हणून कंपनीला तीन मेल केले, तिन्हींच्या उत्तरात नव्या चार्जरची सवलत आली आहे. तूर्त दह्याच्या डब्याचं झाकण बसवलंय, बरोबर मापाचं आहे.