जुन्या कॉम्प्युटरला नेट: मोबाईल, डोंगल की वायर?

जुना डेस्कटॉप सातबारा काढायला किंवा मुलांचे फॉर्म भरायला पुन्हा चालू करायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी खिशातला अँड्रॉइड मोबाईल केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाईलचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं, चालू करा. विंडोज ७ किंवा त्यापुढचं असेल, किंवा लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) असेल, तर बहुतेक वेळा नेट लगेच येतं. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची नको. मोबाईल घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय कॉम्प्युटरलाही मिळतं, मोबाईलचा डेटा खर्च होत नाही. वायफाय नसेल तर विंडोजचे अपडेट दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा बघता बघता संपवतात. शिवाय फोनचा मालक शेतात गेला की नेटही त्याच्याबरोबर गेलं. कधीमधी लागणाऱ्या कामाला एवढं पुरतं.

घरात फायबर असेल तर डोंगल (यूएसबीत खोचायचा, वायफाय पकडणारा छोटा तुकडा) की राउटरपासून थेट वायर हे किमतीपेक्षा भिंतींवर ठरतं. जळगाव-धुळ्याकडच्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती चांगल्या जाडजूड. राउटर ओसरीत आणि कॉम्प्युटर मधल्या खोलीत असला की सिग्नल रखडतो. त्यातून स्वस्त डोंगल वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच पकडतात, राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांना दिसतच नाही. डोंगल कॅबिनेटच्या मागे खोचला तर पत्र्याचा आणखी अडथळा. छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणा. त्याचा ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) नेटवरून घ्यावा लागला, तर तेवढ्यापुरतं वरचं टेदरिंग कामाला येतं.

माझं मत वायरीकडे. लॅनचा पोर्ट (नेटची वायर खोचायची जागा) जुन्या डेस्कटॉपलाही बहुधा असतोच, १०० एमबीपीएसचा असला तरी घरच्या कामाला भरपूर. १०० मीटरपर्यंत वायर नेता येते. अंगणातून किंवा गच्चीवरून न्यायची असेल तर उन्हात टिकणारी, बाहेरच्या वापराची वायर मागा. भुसावळचा मे महिना साध्या वायरीचं आवरण तडकवतो. आणि मृगाच्या आधीच्या वादळात वीज कडाडायला लागली की दोन्ही टोकं काढून ठेवा, नाहीतर पोर्ट जळायची भीती. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल तर डोंगलच बरा.

सगळं जोडूनही साईट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. बरीच वर्षं बंद राहिलेल्या मशीनमधला, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपतो, तारीख मागे जाते आणि ब्राउझर साईटचं सर्टिफिकेट (ती खरी असल्याचा, मुदतीचा दाखला) मान्य करत नाही. सेल बदला, तारीख लावा.

विंडोजचा प्रश्न वेगळाच. एक्सपीचे अपडेट २०१४ मध्ये थांबले, ७ चे २०२० मध्ये. क्रोमची ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. अशा मशीनवर बँकेचं काम करूच नका. प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम निदान २ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघता येते. ४ जीबी असेल तर आणखी सुरळीत.