अनलॉक केलेलं कॅशकेड, काही महिन्यांच्या वापरानंतर

कार्ड एलएसआय कंपनीचं मेगारेड ९२७१-८आय (अनेक डिस्क एकत्र चालवणारं रेड कंट्रोलर), जुन्या सर्व्हरमधून काढलेलं. कॅशकेड म्हणजे त्यातली, लायसन्स कीने उघडणारी सोय: एसएसडी हार्ड डिस्कपुढे कॅश म्हणून, म्हणजे वारंवार लागणारा डेटा ठेवायची वेगवान जागा म्हणून वापरते. कॅशकेडची की ओरिजिनल आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

वेगाबद्दल तक्रार नाही. ऑफिसचा हिशोबाचा डेटाबेस हार्ड डिस्कवर आहे. पुढे एसएसडीची कॅश आल्यापासून सकाळी सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं तरी स्क्रीन अडकत नाही. मोठ्या फाइली कॉपी करताना फरक नाही, आणि पडणारही नव्हता. कॅशचा फायदा पुन्हापुन्हा लागणाऱ्या छोट्या ब्लॉकना.

पाच तारे देणार होतो. मग सुटं म्हणून तसंच दुसरं कार्ड त्याच विकणाऱ्याकडून घेतलं आणि त्यावर की चालेना. सॉफ्टवेअर की त्या-त्या कार्डाच्या सेफ आयडीला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधलेली असते. रीतसर घेतलेली की दुसऱ्या कार्डावर री-होस्ट करता येते, म्हणजे हलवता येते. त्यासाठी बिल मागितलं, तर त्याने एक प्रोग्राम पाठवला: 'रूट म्हणून चालवा, फीचर उघडेल.' ज्या मशीनवर लोकांचे हिशोब आहेत, तिथे सगळे अधिकार मागणारा असला प्रोग्राम मी चालवणार नाही. आणि माझ्या कार्डावरचं कॅशकेडही असंच उघडलेलं असणार.

पण त्याहून मोठी भीती राइट-बॅकची. कॅशकेड प्रो २.० वाचनाबरोबर लेखनही कॅश करतं, ५१२ जीबीपर्यंत. ताजी नोंद आधी एसएसडीवर, हार्ड डिस्कवर सावकाश. कार्ड मेलं आणि बदली कार्डाला लायसन्स नसेल, तर मधल्या मध्ये राहिलेल्या नोंदी काढायच्या कुठून? बॅकअप कालचा असतो, नोंदी आजच्या. चोरून उघडलेल्या फीचरच्या भरवशावर दुसऱ्याचा डेटा ठेवणं मला पटत नाही, पैसे कितीही वाचोत.

तरी कार्डात आधीपासून असलेल्या सोयीसाठी वेगळे पैसे घेणं मला आजही अवाजवी वाटतं. एलएसआय २०१४ मध्ये अ‍ॅव्हॅगोने घेतली, पुढे तीच ब्रॉडकॉम झाली. एवढ्या जुन्या कार्डांची की आता फुकट द्यायला हरकत नसावी.

कॅशकेड रिकामं करून काढलं आणि एलव्हीएम कॅश (लिनक्सच्या एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थेतली कॅश) लावली. तिच्या मुळाशी असलेलं डीएम-कॅश २०१३ पासून, म्हणजे ३.९ पासून, लिनक्स कर्नलमध्येच आहे. लायसन्सची भानगड नाही, आणि एलव्हीएम कॅशचं डीफॉल्ट राइट-थ्रू असल्याने नोंद हार्ड डिस्कवर पोचल्याशिवाय लिहिली असं धरत नाही. लिहिताना किंचित मंद, वाचताना तितकीच चपळ. सुटं कार्ड लावून पाहिलं: डिस्कवरची रेडची मांडणी त्यात इम्पोर्ट केली, एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कांचा गट) जसाच्या तसा वर आला.

कार्डाला चार तारे. विकणाऱ्याकडे 'ओरिजिनल की'चे पैसे परत मागितले आहेत.