‘हॅव’ शिकवणारा सायंवर्ग : एक अभिप्राय

डोंबिवली पूर्वेला मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांसाठी प्राथमिक इंग्रजीचा एक सायंवर्ग चालतो. वहिनींना सोबत म्हणून मी त्याच्या पहिल्या स्तराला पूर्ण वेळ बसलो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याआधी मराठी शाळेतील मुलांची या भाषेशी गाठ साधारणपणे पाचवीत पडत असे, आणि या वर्गातील बहुतेक विद्यार्थी त्याच पिढीचे आहेत. त्यांची गाडी ‘आय हॅव’पाशी का अडते हे येथील बाईंनी अचूक ओळखले आहे, आणि या एका क्रियापदाला त्यांनी दिलेला वेळ हे वर्गाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

बाई पहिल्या दिवशी इंग्रजी वाक्य लिहीतच नाहीत. ‘माझ्याकडे छत्री आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘तिला ताप आहे’, ‘आमचे गावाला घर आहे’ अशी वाक्ये फळ्यावर मांडून त्या विचारतात की, यांत कोणाजवळ काय आहे. मराठीत वस्तू जवळ असणे, नाते असणे आणि आजार असणे यांसाठी विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये बदलतात, क्रियापद मात्र ‘असणे’च राहते, इंग्रजीत ज्याच्याजवळ काही आहे तो थेट कर्ता होतो आणि पुढे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येते. हे एकदा उमगले की ‘माय नियर अंब्रेला इज’ हे वाक्य आपोआप गळून पडते. नियम सांगण्याआधी विद्यार्थ्याच्या तोंडी असलेले वाक्य उलगडण्याची ही रीत मला फार पटली.

सराव कंटाळवाणा आहे, पण योग्य ठिकाणी. ‘शी हॅज’ म्हणणारा विद्यार्थी प्रश्न करताना ‘डझ शी हॅज’ म्हणतो, कारण ‘डझ’ आल्यावर मूळ रूप परत येते हे कानाला पटायला वेळ लागतो. बाई तेवढाच एक बदल जोडीजोडीने वदवून घेतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही आपल्याकडची सवयही त्या हसत मोडतात : भाऊ असणे ही स्थिती आहे, जेवण घेणे ही क्रिया, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ चालते.

त्रुटी आहेत. ‘मला’ दिसले की ‘हॅव’ असा सोपा ठोकताळा विद्यार्थी स्वतःच बनवतात, आणि मग ‘मला भूक लागली आहे’ याचे ‘आय हॅव हंग्री’ होते. ‘आय ॲम हंग्री’, पण ‘आय हॅव अ फीव्हर’, हा फरक फक्त उदाहरणे पाठ करून पुढे ढकलला गेला. ‘हंग्री’ हे विशेषण आणि ‘फीव्हर’ हे नाम, एवढे सांगितले असते तरी पुरले असते. छापील पुस्तिकेत ‘हॅव’च्याच अर्थाचे ‘हॅव गॉट’ही त्याच पानावर घुसवले आहे; नवशिक्यासाठी ती गर्दी आहे. ‘हॅव टू’ला, म्हणजे आपल्या ‘जावे लागते’ला, एका संध्याकाळीत उरकले, जे मला घाईचे वाटले.

सर्वांत मोठी संधी मात्र शेवटच्या धड्यात हुकली. ‘मी जेवलो आहे’ याचे ‘आय हॅव ईटन’ होते, म्हणजे येथेही मराठीतल्या ‘आहे’च्या जागी ‘हॅव’च येते. पहिल्या दिवशीचा धागा येथे सहज जोडता आला असता; त्याऐवजी क्रियापदांच्या तिसऱ्या रूपांची यादी हाती देण्यात आली. वहिनींना ती यादी आजही नुसती यादीच वाटते.

मुलाखतीसाठी भराभर बोलायचे असेल त्यांनी दुसरा वर्ग शोधावा. ज्यांना मुळापासून सुरुवात करायची आहे त्यांनी नाव नोंदवावे, ‘हॅव टू’चा सराव घरी वाढवावा, आणि फळा लहान असल्याने पुढच्या बाकावर बसावे.