एम. ए. अर्थशास्त्र : जळगाव की पुणे?

बी. ए. झालं की आपल्याकडच्या पोरापोरींपुढे हाच प्रश्न. १९९० सालचं जळगावचं विद्यापीठ घराजवळ, राहण्याजेवण्याचा खर्च वाचतो. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची. तिथे गणित आणि अर्थमितीशिवाय (आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले संबंध तपासण्याची पद्धत) पान हलत नाही, शिकवणंही इंग्रजीत. कॅल्क्युलस कच्चं असेल तर पहिलं सत्र फार जड जातं.

पुढे पीएच.डी. करायची असेल तर मी पुणेच सांगेन. संशोधनाची हत्यारं तिथे हाती येतात. विषय मात्र इथूनच न्या. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरताना बांधावर कोणता भाव मिळतो आणि जाहीर भाव किती असतो, ही तफावत पुण्याच्या ग्रंथालयात बसून दिसत नाही. पीएच.डी.ला किमान ३ वर्षं धराच.