१८९६ च्या एका डॉलरच्या नोटेत झालेली माझी फसवणूक

गेली बारा वर्षे न्यू जर्सीत राहून मी अमेरिकेच्या जुन्या कागदी चलनाचा संग्रह करीत आहे. गेल्या वर्षी नाणी-नोटांच्या एका प्रदर्शनात ९५० डॉलर मोजून घेतलेल्या नोटेत माझी फसवणूक झाली. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. परंतु व्यवहार ज्या रीतीने झाला ती रीत, विशेषतः या छंदाला नुकतीच सुरुवात केलेल्या मराठी मंडळींना, कळावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ती नोट म्हणजे १८९६ च्या ‘एज्युकेशनल’ मालिकेतील एका डॉलरचे सिल्व्हर सर्टिफिकेट, म्हणजे त्या काळी चांदीच्या मोबदल्यात वटणारी सरकारी नोट. विल लो या चित्रकाराच्या रचनेत इतिहासाची देवता एका मुलाला वॉशिंग्टन शहर दाखवते आहे, आणि मागील बाजूस मार्था व जॉर्ज वॉशिंग्टन यांची चित्रे आहेत. आजच्या डॉलरपेक्षा आकाराने बरीच मोठी असलेली ही नोट अल्पकाळच चालली, कारण १८९९ च्या मालिकेत तिची जागा गरुडाच्या चित्राच्या नोटेने घेतली. अमेरिकेच्या चलनात इतकी सुंदर नोट दुसरी नाही असे माझे मत आहे, आणि ती आपल्याकडे असावी ही इच्छा मी अनेक वर्षे बाळगून होतो.

बनावट नोट ओळखण्याइतका माझा अभ्यास होता. १८४० सालच्या, ८८९४ क्रमांकाच्या, बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या हजार डॉलरच्या ‘नोटा’ अनेक घरांत जपून ठेवलेल्या असतात. पिवळसर, कडक कागदावरच्या त्या निव्वळ प्रतिकृती असतात, हे मला पहिल्या वर्षीच कळले होते. म्हणून मी या नोटेचे छपाईकाम, कागदातील रेशमी तंतू, ट्रेझरीचा शिक्का आणि सह्या भिंगाखाली तपासल्या. सर्व काही अस्सल होते. विक्रेत्याने ती ‘जवळजवळ कोरी’ (म्हणजे जवळजवळ न वापरलेली) म्हणून सांगितली होती, आणि माझे लक्ष खरे-खोटे ठरवण्यातच गुंतल्यामुळे या दोन शब्दांची तपासणी मी केलीच नाही.

नोट एका घट्ट, जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात होती. हाताच्या घामाने कागद खराब होतो, असे सांगून त्याने ती बाहेर काढू दिली नाही, आणि हे कारण मला पटले. पावतीवर त्याने ‘जुनी नोट, एक नग’ एवढेच लिहिले. प्रदर्शनातील गर्दी आणि ‘दुसरे एक गृहस्थ परत येणार आहेत’ हे त्याचे वाक्य, यांमुळे मी घाई केली.

पुढे ती नोट प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे पाठवली. नोटा ७० गुणांच्या मोजपट्टीवर जोखल्या जातात; ७० म्हणजे सर्वोत्तम. माझी नोट २५ वर आली, आणि शेरा होता : धुतलेली, दाबून सपाट केलेली, दोन फाटी जोडलेल्या. हे शेरे वाचल्यावर मी ती दिव्यासमोर धरली, तेव्हा वरच्या कडेपासून आत आलेली एक फाट आणि तिच्यावर चिकटवलेल्या पातळ कागदाची सावली स्पष्ट दिसली. अतिनील दिव्याखाली तोच भाग निळसर चमकला. माहीतगार व्यापाऱ्यांनी तिची किंमत तीनशे डॉलरच्या आसपास सांगितली.

या मालिकेत असे काम लपवणे सोपे का जाते, हे मला नंतर उमगले. नोटेचा दर्शनी भाग दाट कोरीव रेषांनी जवळजवळ पूर्ण भरलेला असल्याने घडीची किंवा जोडाची रेषा त्यात विरून जाते. कोऱ्या कागदावर ती लगेच दिसली असती. मात्र एक खूण लपवता येत नाही. त्या काळी कागद ओलसर करून, कोरलेल्या पत्र्यावर जोराने दाबून छपाई होत असे, त्यामुळे शाई उठावदार राहते आणि कागदावर बारीक लाटा उमटतात. तिरप्या प्रकाशात धरलेल्या, हात न लागलेल्या नोटेवर हा उठाव जाणवतो. धुऊन दाबलेली नोट इस्त्री केल्यासारखी निर्जीव, सपाट दिसते. पाकिटातल्या नोटेवर वरून सरळ प्रकाश पडत असल्याने मला हे दिसले नव्हते.

विक्रेत्याला मी तीन पत्रे लिहिली. पावतीवर अवस्थेचा उल्लेख नाही, एवढेच त्याचे उत्तर आले, आणि वकिलाच्या मते त्या पावतीच्या जोरावर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. आता मी पावतीवर फ्रीडबर्ग क्रमांक (संग्राहकांच्या सूचीतील नोटेच्या प्रकाराचा क्रमांक; या नोटेचा, सह्यांनुसार, २२४ किंवा २२५), नोटेचा अनुक्रमांक, अवस्थेचे शब्द आणि परत घेण्याची मुदत लिहून घेतो. कोणी नकार दिला, तर तेथेच थांबतो. नोट पाकिटातून काढून कडांनी धरू न देणाऱ्याकडून मी काहीही घेत नाही.

ती नोट अजून माझ्याकडे आहे. दुरुस्तीचा शेरा असलेल्या संस्थेच्या पाकिटातून मी तिला बाहेर काढणार नाही, कारण शेरा गळून पडला की तीच नोट पुन्हा कोणाला तरी कोरी म्हणून विकली जाईल.