आगीनंतरची साफसफाई: मुंबईतल्या ‘डीप क्लीनिंग’वाल्यांना किती गुण द्यायचे?

घरात आग लागून गेली की सोसायटीचा सेक्रेटरी, शेजारी किंवा मोबाइलवरची जाहिरात, कुणी ना कुणी ‘डीप क्लीनिंग’वाल्याचं नाव पुढे करतं. मुंबईत ही सेवा देणारे ढिगाने आहेत. आगीनंतरचं काम येणारे मात्र मोजकेच. बाकीचे दिवाळीच्या साफसफाईचंच सामान घेऊन येतात: बादली, पोचा, फेसाळ लिक्विड आणि शेवटी सुगंधी फवारा. सरसकट सेवेला पाचपैकी दोन गुण, नीट काम करणाऱ्यांना चार. माणसं घरात शिरल्यावर आधी काय काढतात ते बघा. व्हॅक्यूम निघाला तर काम करू द्या. बादली निघाली तर तिथेच थांबवा.

काजळी धुळीसारखी नसते. ती तेलकट असते, आणि वायर, पाइप, रेक्झिन असं पीव्हीसी जळालेलं असेल तर तिच्यात आम्लही असतं. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. मुंबईच्या हवेत ओलाव्याची ददात नाही, त्यामुळे नळ, बिजागऱ्या, स्टीलचे डबे झपाट्याने डागाळतात. अशा काजळीवर ओला पोचा मारला की तेल गिलाव्यात मुरतं आणि काळा डाग कायमचा बसतो.

म्हणून पहिलं काम कोरडं. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) हवा, नाहीतर बारीक काजळी मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. ब्रश भिंतीला जेमतेम लागेल इतपतच धरायचा, रगडायचा नाही. कोपऱ्यांत काळी जाळी लोंबताना दिसतात. ती कोळिष्टकं वाटतात, पण ती काजळीचीच असतात. झाडूने ओढली की भिंतीवर फराटे उमटतात, म्हणून तीही व्हॅक्यूमनेच घ्यायची. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, माळा, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी आणि स्विचबोर्डाच्या प्लेटमागचा डबा या चार जागा हमखास सुटतात. मेन बंद असल्याची खात्री करून प्लेट उघडून बघा, तिथे बोट काळं झालं तर काम झालेलं नाही.

व्हॅक्यूमनंतर सूट स्पंज, म्हणजे काजळी टिपणारा स्पंज. हा रबराचा असतो आणि कोरडाच वापरतात. वरून खाली, एकाच दिशेने ओढायचा, गोल फिरवायचा नाही. एक बाजू काळी झाली की सुरीने पातळ काप काढून नवी बाजू वापरायची. धुऊन पुन्हा वापरला तर निकामी होतो. या अख्ख्या प्रकारात सर्वांत वसूल होणारी वस्तू हीच. घरभर एकच स्पंज फिरवणारा काळं फक्त पसरवत असतो.

पाणी त्यानंतर. ऑइलपेंट आणि धुता येणारं इमल्शन कोमट पाणी आणि डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या लिक्विडने) पुसता येतं, पण खालून वर. वरून सुरुवात केली तर कोरड्या भिंतीवर ओघळ येतात आणि ते निघत नाहीत. चुना किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंती (जुन्या चाळींत अजून आहेत) धुवायच्याच नाहीत, खरवडायच्या. त्या धुण्याचे पैसे लावणाऱ्या माणसाने त्या भिंतीला हातही लावून बघितलेला नसतो.

आता रंग. ‘साफसफाई प्लस पेंटिंग’ या पॅकेजमध्ये सर्वांत जास्त फसवणूक होते. काजळी लागलेल्या भिंतीवर थेट प्लास्टिक इमल्शन मारलं की काही दिवसांत पिवळट डाग वर येतो आणि पावसाळी हवेत वासही परततो. मधे डाग अडवणारा प्रायमर लागतो, आणि त्यासाठी लाखेचा प्रायमर सर्वांत भरवशाचा. तयार मिळाला नाही तर पॉलिशवाल्यांचा चपडा (लाखेच्या पापड्या) चालतो: 1 लिटर मेथिलेटेड स्पिरिटला साधारण 240 ग्रॅम, दोन हात. चपडा मेण काढलेला हवा, नाहीतर वरचा रंग धरत नाही. स्पिरिट पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. सगळी भिंत रंगवण्याआधी दोन फुटांचा एक तुकडा पूर्ण करून दिवसभर ठेवा. पिवळं आलं तर प्रायमरचा अजून एक हात.

भिंत ओली असेल तर यातलं काहीच टिकत नाही. बंबाचं पाणी गिलाव्यात आठवडे राहतं, खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येसुद्धा. प्लास्टिकच्या कागदाचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून 24 तास ठेवा. आतून थेंब दिसले तर प्रायमर नाही, आधी डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं मशीन). तो भाड्याने देणारी कंपनी असेल तर तिला अर्धा गुण जास्त.

ओझोन मशीनचं फार कौतुक चालतं. उरलेला वास कमी करायला ते उपयोगी आहे, पण काजळी काढून झाल्यावरच. काजळी तशीच ठेवून ओझोन सोडणं म्हणजे पैसे वाया. मशीन चालू असताना घरात माणूस, मांजर, कुंडीतलं रोप काहीही नको. नंतर घर भरपूर हवेशीर करायचं. रबर आणि इलॅस्टिकचं त्याने नुकसान होतं. ‘तुम्ही हॉलमध्ये बसा, आम्ही बेडरूममध्ये लावतो’ असं म्हणणाऱ्याला परत पाठवा. सुगंधी फॉगिंगला शून्य. आणि वास जावा म्हणून एसी मात्र सुरू करू नका. ब्लोअर काजळी थेट कॉइलवर ओढतो, मग जाळी धुऊन भागत नाही.

भांड्यांसाठी वेगळे पैसे देऊ नका. स्टील आणि पितळ धुण्याच्या सोड्याने लवकर धुवा. पितळेला चिंच नंतर. ॲल्युमिनियमला सोडा लावला तर ते काळं पडतं, तिथे साधा साबण. कपडे आधी झटकायचे, मग धुवायचे, आणि वास गेल्याशिवाय इस्त्री नाही. जरीच्या साड्या जाणकार ड्रायक्लीनरकडेच द्या. गाद्या आणि उशा टाकूनच द्या.

दर ठरवताना लबाडी अशी: चौरस फुटाचा भाव कार्पेट एरियावर सांगतात. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली घ्या. जमीन 120 चौरस फूट, भिंती 440, छत 120. खरं काम 680 चौरस फुटांचं. जो फक्त 120 वर भाव देतो, तो भिंती नीट करणार नाही, किंवा अर्ध्यावर ‘एक्स्ट्रा’ मागेल. भिंत आणि छतासकट दर लेखी घ्या.

काही कंपन्या ‘इलेक्ट्रिकल चेक’ही देतात. टेस्टर लावून दिवा लागला की झालं! पीव्हीसी वायरचं आवरण साधारणपणे 70 अंश सेल्सियसचं असतं, आणि आगीत छताजवळची हवा त्याच्या कितीतरी पुढे जाते. परवानाधारक वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासून घ्या. 1 मेगाओमच्या खाली आलं तर ती वायर काढायची. स्लॅबचंही तसंच. काँक्रीट 300 अंशांच्या पुढे तापलं की ताकद जाऊ लागते. कधी गुलाबी छटा दिसते, पण ती नाही म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. ठोकल्यावर पोकळ वाजलं, पापुद्रे सुटले, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघेपर्यंत तिथे ना पुट्टी, ना रंग. सिमेंटचे जुने पत्रे तडकले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडे झाडू देऊ नका, ओले करून उचलायला सांगा.

विमा असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत सफाई सुरू करायची नाही. फोटो काढा आणि अग्निशमन दलाच्या अहवालासाठी लगेच अर्ज करा. 1 एप्रिल 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या विमा पॉलिसीत डेब्रिज (जळका राडारोडा) हलवण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंतच मिळतो; 8 लाखांच्या दाव्यात 16 हजार. कंपनीने ‘सफाई व डेब्रिज’ असं एकच बिल दिलं तर सगळं त्याच मर्यादेत अडकू शकतं. म्हणून डेब्रिजचं बिल वेगळं आणि सफाईचं वेगळं, खोलीनिहाय, जीएसटीसकट मागा. जी कंपनी कुरकूर न करता अशी बिलं देते, तिचा एक गुण वाढवा.

पोती भरणाऱ्यांना कपाटातली राख तुमच्या डोळ्यांसमोरच उचलू द्या. जळक्या नोटांचा गठ्ठा कचरा म्हणून सहज जातो. फार करपलेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या फोर्टला रिझर्व्ह बँकेत न्याव्या लागतात. सोडवत बसू नका, आहेत तशा डब्यात ठेवा.

पैसे तीन टप्प्यांत द्या: सामान आल्यावर, कोरडं काम तपासल्यावर, आणि शेवटचे 20 टक्के घर दोन दिवस बंद ठेवून, दमट हवेत पुन्हा वास घेतल्यावर. करारात हे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याशी भाव करत बसू नका.