हळदीच्या जेलला कार्बोपोल की कायटोसान?

कर्क्युमिनचं, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाचं, योनीमार्गात लावायचं जेल करायचं तर पहिला प्रश्न चिकटपणाचा. औषध तिथल्या श्लेष्मल पडद्यावर टिकलं नाही, तर ओघळून कपड्यांवर पिवळे डाग पडतात. बाईने ते सोसावं असं मला मुळीच वाटत नाही.

कार्बोपोल, म्हणजे जेल घट्ट करणारी कृत्रिम पावडर, हाताशी असतं, अर्धा ते एक टक्का पुरतं, जेल काचेसारखं नितळ होतं. पावडर मात्र पाण्यावर हळूहळू भुरभुरायची, नाहीतर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. खरी गोम पुढेच. ते घट्ट करायला ट्रायइथेनोलअमाइन हे अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य) घालावं लागतं. एक थेंब जास्त पडला की जिथे पडला तिथे पिवळ्याचा तांबडा रंग उमटतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच प्रकार. कर्क्युमिन अल्कलीत टिकत नाही. शिवाय निरोगी योनीचा पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो, त्या आम्लतेत कार्बोपोल पातळ पडतं.

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळतं आणि ते विरघळतंच सौम्य आम्लात. लॅक्टिक आम्ल वापरलं तर उत्तमच, कारण तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू तेच तयार करतात. कायटोसानचा धन प्रभार श्लेष्मातल्या म्यूसिन या प्रथिनाच्या ऋण प्रभाराला धरून ठेवतो. जेल जरा गढूळ दिसतं, प्रत्येक लॉटची घट्टता वेगळी निघते, शाकाहारी बाईला उगम सांगावा लागतो.

तरी कर्क्युमिनसाठी मी कायटोसानच घेईन. लॅक्टोबॅसिलसवरचा परिणाम मात्र दोन्हींचा तपासायचा. आणि घरची हळद तिथे कधीही लावू नका.